थोरलीच्या गालावरची बोटं

१

पडदा सरकला आणि पार्वतीबाईंच्या हातातलं आरतीचं तबक खाली पडलं.

थोरली लक्ष्मी जागेवर उभी होती. पिवळी साडी, नाकात नथ, पितळेचा मुखवटा आरशासारखा लखलखीत. शेजारच्या धाकटीला मात्र मुंडकं नव्हतं. हिरवी साडी नीट नेसवलेली होती, गळ्यात पोत होती, आणि गळ्याच्या वर काही नाही. पत्र्याच्या कोठीची गोल कड तेवढी दिसत होती आणि आत भरलेले गहू.

बायकांमधून एक बारीक किंकाळी आली. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

मी उत्तमसिंग ठाकूर. सेनगावच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवली. माझ्या शेजारी उभ्या होत्या त्या जाहेदा मॅडम, त्यांनी त्याच शाळेत इंग्रजी शिकवलं. आम्ही दोघंही निवृत्त झालो, आमचं भांडण काही निवृत्त झालं नाही. गोरेगावच्या माणिकराव आणि पार्वतीबाईंचा धाकटा मुलगा रुद्र आमचा विद्यार्थी. म्हणून दरवर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाला आम्हाला बोलावणं असतं. यंदा तर त्यांची नवी सून प्रियंका, तीही आमचीच विद्यार्थिनी.

घरावर सकाळपासूनच अवकळा होती. थोरली सून कोमल पुरण वाटता वाटता कोसळली होती. श्वास लागेना, ओठ निळे पडले. तिचा नवरा मुन्ना तिला जीपमध्ये घालून हिंगोलीला घेऊन गेला. तरी जेवण थांबवलं नाही, कारण आलेल्या लक्ष्म्या उपाशी ठेवायच्या नसतात. आणि आता हे.

"तिनंच केलं!" पार्वतीबाईंनी अंगणापलीकडच्या खोलीकडं बोट केलं. "काल सांजच्याला साऱ्या मानसांदेखत म्हणली, माझी पाळी आली, मी बाजूला बसते. लाज न्हाई, शरम न्हाई. लक्ष्मी ऱ्हाईल का असल्या घरात?"

खोलीच्या उंबऱ्यात प्रियंका उभी होती. डोक्यावर पदर नव्हता, डोळ्यांत पाणी नव्हतं. ती सरळ आमच्याकडं बघत होती.

माणिकराव खुर्चीवर बसले. माणूस मोठा, जमीनजुमला मोठा, आवाज त्याहून मोठा. पण त्या वेळी तो बसका निघाला. "तिच्या माहेरी फोन केलाय मी. दिवस मावळायच्या आत मुखवटा सापडला न्हाई, तर ही पोरगी या घरात ऱ्हाणार न्हाई."

तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. हिंगोलीहून मुन्ना बोलत होता. डॉक्टर म्हणत होते, हालत नाजूक आहे, आणि कशानं झालं तेच कळत नाही.

२

"तुम्ही सगळ्यांना ओळखता मॅडम, जरा विचारा," असं मीच म्हणालो. शाळेत कोणाचं पेन गेलं तरी पोरं मॅडमकडंच जायची. त्या आरडाओरडा करत नसत, शेजारी बसून विचारत. चोर बहुतेक वेळा स्वतःच पेन आणून द्यायचा.

आधी आम्ही प्रियंकाकडं गेलो.

"मी काल दुपारी मुखवटे घासले, चिंचेनं," ती म्हणाली. "पारुआत्यांनी दाखवलं तसं दोघींना बसवलं. सांजच्याला पाळी आली. तेव्हापासून मी या खोलीत. अंगणात बायका सैपाक करून राहिल्या होत्या, त्यांना इचारा, मी उंबरा ओलांडला का."

"पाळीचं सगळ्यांसमोर सांगायची काय गरज होती?" मी विचारलं. मास्तरकी, दुसरं काय.

तिनं माझ्याकडं बघितलं. "सर, न सांगता लक्ष्मीपुढं बसले असते तर चाललं असतं का? मला गोळ्या दिल्या होत्या, पाळी लांबवायच्या. सणावाराला घेतात बायका. मी न्हाई घेतल्या."

मी खाली बघितलं. मॅडमनी मात्र लगेच विचारलं, "कोणी दिल्या?"

"यांनी. रुद्रनं. घरचंच मेडिकल हाय आमचं."

"आणि कोमल? तिनं घेतल्या?"

"जाऊबाई मला काही सांगत न्हाईत. त्यांना फार लाज. पन डावा पाय सुजला होता त्यांचा. पैंजण काढून ठेवलं होतं. म्हणाल्या, काटा रुतला."

मॅडम उठल्या त्या थेट पार्वतीबाईंकडं. कोमल कसल्या गोळ्या घेत होती का, एवढंच विचारलं. पार्वतीबाईंनी आधी माझ्याकडं पाहिलं, पदर पुढं ओढला आणि म्हणाल्या, "आमच्या घरात असलं काही न्हाई, मॅडम. पुरुषमानसासमोर काय इचारता."

मॅडमनी मुन्नाला फोन लावला.

"डॉक्टरनं पन तेच इचारलं होतं," मुन्ना रडवेल्या आवाजात म्हणाला. "मी रुद्रला फोन केला. तो म्हणला, वहिनीला कसलंच औषध चालू न्हाई. तो मेडिकलवाला, त्याला ठावं नसंल व्हय? तसंच सांगितलं मी डॉक्टरला."

"तरी सांगा त्यांना, गोळ्या असू शकतात म्हणून."

"असू शकतात का हायेत, मॅडम? डॉक्टर म्हणतील नक्की बोला. कोणती, किती दिस?"

मॅडमनी फोन ठेवला.

तिसऱ्या होत्या पारुबाई, माणिकरावांची बहीण, घरातल्या सगळ्यांची आत्या. कानानं जरा कमी, डोळ्यानं तल्लख. पाटावर बसून त्या पापड मोडल्यासारखं एकेक वाक्य बोलत होत्या.

"कोमलला जीपीत घातलं तवा सारे गल्लीत पळाले. दार सताड उघडं. कोणीबी आत जाईल."

"कोमल काही बोलली का?"

"ओठ हलले. मला ऐकू आलं न्हाई. रुद्रनं कान नेला तिच्या तोंडाजवळ. म्हणला, पाणी मागून राहिली." पारुबाई थांबल्या. "मी तांब्या पुढं केला तर तिनं तोंड फिरवलं."

"रुद्र गेला नाही जीपमधून?"

"न्हाई. म्हणला, घरी कोणी पाहिजेन."

मेडिकल चालवणारा दीर मरणाच्या दारातल्या भावजयीसोबत जात नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण मला पुरणाची भूक लागली होती. खरं ते सांगितलेलं बरं.

रुद्र आम्हाला अंगणातच भेटला. गोरा, नीटनेटका, घामेजलेला. लहानपणापासून मामाकडं सेनगावला राहून शिकला, मग फार्मसीसाठी बाहेर, मग तिकडंच नोकरी. या उन्हाळ्यात लग्न करून गावी परतला आणि दुकान घातलं. घरच्या महालक्ष्म्यांना इतक्या वर्षांत तो पाहुण्यासारखा यायचा, जेवायचा, जायचा.

"वहिनीला कसल्या गोळ्या न्हाईत, मॅडम," त्यानं विचारायच्या आधीच सांगितलं. "प्रियंका काहीही बोलून राहिली. मुखवटा तिनंच लपवला असणार, घराचा सूड घ्यायला. नवऱ्याला बोलायला बरं न्हाई वाटत, पन तुमच्याच वर्गात शिकलेला एक शब्द हाय, तिला बराबर बसतो. ब्रेझन."

बायकोबद्दल हे बोलताना त्याच्या चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नाही.

३

आम्ही बाहेर ओट्यावर येऊन बसलो. ऊन कललं होतं. समोरून सेनगावची जीप माणसं भरून गेली आणि गल्ली पुन्हा गप्प झाली. घरातून बायकांचं कुजबुजणं येत होतं, त्यात "विटाळ" आणि "कोप" हे दोन शब्द सारखे ऐकू येत होते.

"ब्रेझन म्हणजे काय हो?" मी विचारलं. काळजीत मला भांडण बरं वाटतं.

"निर्लज्ज."

"मग निर्लज्ज म्हणायला त्याच्या जिभेला काय झालं होतं?"

"अर्थ तो आहे, सर. उगम वेगळा आहे. ब्रास म्हणजे पितळ, त्याचं हे विशेषण. जुन्या इंग्रजीत ब्रेझन म्हणजे नुसतं पितळेचं. घंटा, भांडं, काहीही. त्यात शिवी नव्हती. शेकडो वर्षांनी कोणाला तरी सुचलं, की ज्याचा चेहराच पितळेचा, तो लाजेनं लाल कसा होईल? मग माणसांना पितळतोंड्या म्हणायला लागले. पुढं त्यातलं तोंड गळालं आणि पितळ तेवढं शिवी होऊन बसलं."

"आणि ब्रास कुठून आला?"

"ते पक्कं कोणालाच माहीत नाही."

"म्हणजे माणूस प्रतिष्ठित, गाव विचारू नये," मी म्हणालो. एरवी मॅडम यावर अर्धा तास भांडल्या असत्या. आज त्या स्वतःच्याच तळहाताकडं बघत होत्या.

"एक गोष्ट मला नेहमी खटकते," त्या सावकाश म्हणाल्या. "ज्यानं हा शब्द काढला त्यानं आयुष्यात पितळ घासलं नसणार. आमची अम्मी ईदच्या आधी तांबे-पराती चिंचेनं घासायची आणि आम्हा पोरांना दटावायची, हात लावाल तर याद राखा. लावला की..."

आतून किंकाळी आली.

"थोरलीच्या गालावर बोटं उमटली!"

आम्ही धावलो. बायका जमिनीवर डोकं टेकून होत्या. दुपारी मी ज्या मुखवट्यात माझा फेटा पाहिला होता, त्या थोरलीच्या उजव्या गालावर चार काळपट बोटं उठली होती. डाव्या गालावर, डोळ्याच्या जरा खाली, अंगठा. कोणीतरी देवीच्या थोबाडीत मारावी तसं दिसत होतं.

"कोणी मारलं माझ्या लक्ष्मीला!" पार्वतीबाई कपाळ बडवून घेत होत्या. "आता एकेक जाईल. कोमल गेली की दुसरी, दुसरी गेली की..."

मी शिकलेला माणूस, पण दुपारी तिथं काही नव्हतं हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

माणिकरावांचा मोबाईल पुन्हा वाजला. त्यांनी ऐकलं आणि मोबाईल कानाला तसाच धरून ठेवला. "कोमलला नळी घातली," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणून राहिले, कोणाला बोलवायचं असंल तर बोलवून घ्या."

अंगणातली दोनचार माणसं प्रियंकाच्या खोलीकडं चालू लागली. त्यांच्या चालण्यात मला काही बरं दिसलं नाही.

४

"थांबा!" जाहेदा मॅडमचा तो वर्गातला आवाज मी किती दिवसांनी ऐकला. माणसं थांबली. "कोणी देवीला मारलेलं नाही. पितळ लाजलंय."

त्या मुखवट्याच्या अगदी जवळ गेल्या, पण हात लावला नाही.

"चिंचेनं घासलेलं पितळ फार हळवं असतं. घामाचा हात लागला की लगेच दिसत नाही, पण काही तासांनी डाग काळा पडून वर येतो. पार्वतीबाई, तुम्हाला ठाऊक आहे हे. मुखवटा बसवताना कसा धरता?"

पार्वतीबाई हुंदके देत होत्या, तरी उत्तर आलं. "फडक्यानं. दोन्ही कानांला धरून. तोंडाला हात लावायचा नसतो."

"प्रियंकाला तसंच शिकवलं?"

"पारुनं शिकवलं," त्या म्हणाल्या. पारुबाईंनी मान हलवली.

"मग हा पंजा या घरातल्या बाईचा नाही. ज्यानं लक्ष्मी कधी उचलली नाही, त्यानं सकाळच्या धावपळीत ती नारळासारखी तोंडावरून उचलली. आता दुसरं. चोरी धाकटीची झाली. मग थोरलीला का उचललं, आणि परत का ठेवलं?"

त्या माणिकरावांकडं वळल्या.

"माणिकराव, मुखवटे सुटे ठेवले तर दोघींतली थोरली कशी ओळखता?"

"कपाळावर चीर हाय तिच्या. आजोबाच्या हातून पडली होती. त्यात काय इचारायचं?"

पार्वतीबाई म्हणाल्या, चीर. पारुबाई म्हणाल्या, चीर. खोलीच्या उंबऱ्यातून प्रियंका म्हणाली, "चिरीत चिंच अडकली होती, मी काडीनं काढली."

"रुद्र?"

रुद्रनं दोन्ही लक्ष्म्यांकडं पाहिलं. "जी उरली हाय, ती थोरली."

चुलीवरची आंबील रटरटत होती.

"बराबर," मॅडम म्हणाल्या. "तुला दुसरी खूण माहीतच नाही. कोमलनं पाणी मागितलं नव्हतं, रुद्र. पाणी मागणारी बाई तांब्यापासून तोंड फिरवत नाही. तिनं तुला सांगितलं, धाकट्या लक्ष्मीच्या मुखवट्यात आहे, डॉक्टरला दाखव. पाहुण्यांनी भरलेल्या घरात लाजऱ्या बाईला गोळ्या ठेवायला दुसरी जागा कुठली? जिथं पुरुष हात लावत नाहीत ती. गल्लीत सगळे रडत होते आणि तू आत आलास. धाकटी कोणती हे ठाऊक नव्हतं, म्हणून आधी थोरली उचललीस. तिच्यात काही निघालं नाही. मग दुसरी."

"उचलली जीभ लावली टाळ्याला, मॅडम," रुद्र म्हणाला. आवाज थंड होता. फक्त त्याचे दोन्ही हात खिशात गेले. "काही पुरावा?"

"हात बाहेर काढून गालावर टेकवतोस? बोटं जुळतात का बघू."

त्यानं हात काढले नाहीत. तेवढ्यात प्रियंकानं उंबरा ओलांडला.

बायका ओरडल्या, "शिवू नको! विटाळ हाय!" माणिकराव अर्धे उठले. ती थांबली नाही. "सकाळी हे रेनकोटाचं गाठोडं घेऊन स्कूटीकडं गेले होते," ती म्हणाली, "तेव्हा मला कळलं न्हाई." उघड्या डोक्यानं सगळ्या पुरुषांमधून चालत आली, रुद्रच्या शर्टाच्या खिशातून गाडीची किल्ली काढली आणि दाराबाहेर उभ्या त्याच्या स्कूटीची डिक्की उघडली. रेनकोटात गुंडाळलेला धाकटीचा मुखवटा तिथं होता.

तिनं तो सगळ्यांसमोर हातात घेतला. आतून, नाकाच्या खोलगट जागेत, चिंधी घट्ट बसवलेली होती. तिनं बोट घालून ती उपसली. चिंधीतून गोळ्यांची पाकिटं पडली, एक अर्धं, बाकी सगळी रिकामी.

"भाऊजींना फोन लावा, मामंजी," ती म्हणाली. माणिकरावांनी मुकाट्यानं लावला. प्रियंका मोठ्यानं बोलत होती, गल्लीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "डॉक्टरलाच द्या फोन. हॅलो, मी कोमलची जाऊ. पेशंट पाळी लांबवायच्या गोळ्या घेऊन राहिली होती. नाव वाचते, लिहून घ्या. व्हय, डावा पाय सुजला होता. किती दिवसांपासून?" ती वळली. "सासूबाई? पारुआत्या? कोणी तरी सांगा ना!"

सगळ्या बायका जमिनीकडं बघत होत्या. शेवटी पार्वतीबाईंच्या तोंडून शब्द फुटला.

"श्रावणापासून. सोमवार होते, मंगळागौर होती, मग ह्या लक्ष्म्या. मीच म्हणले, सणात खंड नको. बाळंतपणात तिचा पाय असाच सुजला होता. डॉक्टर म्हणले होते, असल्या गोळ्या हिला कधीच देऊ नका. मी सांगितलं होतं रुद्रला. तो म्हणला, काही होत न्हाई, आई."

प्रियंकानं ते शब्द जसेच्या तसे फोनमध्ये सांगितले.

५

गोरेगावच्या पोलीस चौकीतून जीप आली तेव्हा दिवस मावळतीला लागला होता. हिंगोलीहून निरोप होता: रक्ताची गाठ पायातून फुप्फुसात गेली आहे, आता नेमकं औषध सुरू केलंय, आजची रात्र निघाली तर बाई वाचेल.

रुद्र जीपमध्ये बसताना चोराच्या उलट्या बोंबा मारत होता. "मी काय केलं? मागितल्या, मी दिल्या. मुखवटा परत ठेवणारच होतो. पारुआत्या आली म्हणून डिक्कीत टाकला." वहिनी मरत असताना फोनवर खोटं काहून बोललास, असं माणिकरावांनी विचारलं. तो म्हणाला, "दुकानाचं लायसन गेलं असतं ना, बाबा." बोलताना तो बापाच्या डोळ्याला डोळा भिडवून होता. दुपारी जो चेहरा होता, तोच.

जीप निघून गेल्यावर मॅडम उंबऱ्यापाशी टेकल्या.

"शब्द मीच शिकवला त्याला," त्या म्हणाल्या. "आणि शब्द बराबर आहे, सर. फक्त इंग्रजांनी धातू चुकीचा घेतला. पितळेला लाज असते."

मला वाईट वाटत होतं आणि रागही येत होता, त्या पोरावर आणि थोडा माझ्यावरही. दुपारी मी मान खाली घातली होती, आणि त्या घरात कोमल तशाच खाली घातलेल्या मानांमुळं मरायला टेकली होती.

आत पार्वतीबाई चिंचेचा गोळा घेऊन थोरलीपुढं उभ्या होत्या. गालावरची बोटं पुसायला हात वर गेला होता. प्रियंकानं त्यांचं मनगट धरलं.

"राहू द्या, सासूबाई. जाऊबाईंना येऊन बघू द्या."

पार्वतीबाईंनी चिंच खाली ठेवली. धाकटीचा मुखवटा पाटावर होता. त्यांनी तो फडक्यात घेतला, बिनमुंडक्याच्या लक्ष्मीकडं पाहिलं, आणि तिथंच थबकल्या. बायका एकमेकींकडं बघत होत्या, पुढं मात्र कोणी होईना.

त्यांनी तो प्रियंकापुढं धरला.

प्रियंकानं दोन्ही कानांना धरून मुखवटा कोठीवर ठेवला, जरा डावीकडं फिरवला, आणि तो बसला. विटाळ हा शब्द त्या वेळी कोणीच काढला नाही.

बाहेर सेनगावची जीप थांबली. प्रियंकाचे वडील आणि भाऊ उतरले, लेकीला न्यायला आले होते. माणिकराव दारात गेले. ज्यानं फोन करून बोलावलं, त्यालाच आता काय सांगावं कळत नव्हतं.

प्रियंका त्यांच्या मागून आली.

"बाबा, बसा, जेवून घ्या," ती वडिलांना म्हणाली. "जाऊबाई घरी येईस्तोवर मी कुठं जात न्हाई. त्या आल्या की या घरात ऱ्हायचं का न्हाई, ते माझं मी ठरवीन."

माणिकरावांनी दारातून बाजूला होऊन तिला वाट दिली, आणि ती ताटं मांडायला आत गेली.